खोडायचं असेल तर एकच रेघ

गावडे गेला ही बातमी मला वेळापत्रकाने दिली. सोमवारी पहाटे, चहाचा कप हातात धरून, मी मोबाइलवर शाळेचा सामायिक तक्ता उघडला. हा तक्ता म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं लाडकं अपत्य. कुणी रजेवर असलं की त्या घरबसल्या त्यात फेरफार करतात, आणि कुणाच्या बोडक्यावर कुणाचा तास बसला ते आपण आपलं शोधून काढायचं. ‘नववी ब, चौथा तास, भूगोल’ या चौकटीत गावडेचं नाव नव्हतं, माझं होतं. मी मराठी शिकवते. भूगोलाशी माझा संबंध मुलुंडहून घाटकोपरला न चुकता पोचण्यापुरता. चिडून वरखाली सरकवून पाहिलं, तर गावडेचे सगळेच तास वाटले गेले होते आणि शिक्षकांच्या यादीत त्याच्या नावाची ओळ राखाडी झाली होती. राखाडी म्हणजे ‘उपलब्ध नाही’. बाळंतपणाच्या रजेला राखाडी, निवडणुकीच्या ड्यूटीला राखाडी... मी त्याला फोन लावला तो शिव्या घालायला, की रजा टाकायची तर आदल्या दिवशी सांगायला काय जातं तुझं. फोन त्याच्या बायकोने, सुलभाने उचलला.

रविवारी दुपारी जेवून तो खिडकीपाशी आडवा झाला, आणि चार वाजता सुलभा चहाला उठवायला गेली तेव्हा उठला नाही. संध्याकाळी सातच्या आत सगळं उरकलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना सहालाच कळवलं होतं असं सुलभा म्हणाली. म्हणजे बाईंनी आधी त्याचे तास वाटले, मग जेवल्या असतील, झोपल्या असतील, आणि सोमवारी सव्वाआठला, दुसरा तास संपल्यावर, स्टाफच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. कामाचा क्रम कसा असावा याचा हा धडाच. मी त्या दिवशी शाळेत न जाता नाहूरला गेले. माझीही ओळ राखाडी झाली असेल, होऊ दे.

सुलभा रडत नव्हती, हिशेब लावत बसली होती की कुठे चुकलं. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं निघालं, तेव्हा डॉक्टरांनी चढ आणि जिने साफ बंद केले होते. “घरी तर पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टनेच जायचे, नीलाताई,” ती म्हणाली. “लिफ्ट बंद असली तर खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून राहायचे. सगळं ऐकलं हो त्यांनी डॉक्टरांचं.” मला मनात आश्चर्यच वाटलं. चोवीस वर्षांत गावडेने कुणाचं ऐकल्याचं मी पाहिलं नव्हतं, आणि मरायच्या आधी दोन वर्षं तो एकदम शहाणा झाला हे काही मला पटेना.

आम्ही दोघं एकाच दिवशी शाळेत रुजू झालो. तो गिरणी कामगाराचा मुलगा, मूळचा मालवणकडचा, एका खोलीत नऊ माणसांत वाढलेला. मी मुलुंडच्या वकिलाची मुलगी, शुद्धलेखनाच्या नियमांवर वाढलेली. पहिल्या आठवड्यातच स्टाफरूममध्ये त्याने माझं डबा उघडणं पाहिलं आणि म्हणाला, “काय गो, लिंबाचं लोणचं पण चमच्याने वाढून घेतेस?” तेव्हापासून तो मला नीला आणि मी त्याला नुसतं गावडे, सर-बिर काही नाही. तो बोलताना मुंबईचं बोलायचा, पण मनातलं काही निघालं की मालवणी बाहेर यायची. ती बाहेर आली की मी समजून घ्यायची, आता हा थट्टा करत नाहीये.

त्याच्या वर्गात खोडरबराला आणि व्हाइटनरला बंदी होती. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कुणी गिरगटून काळं केलं, तर खोडलेलंसुद्धा त्याला बाजूला पुन्हा लिहून काढायला लागायचं. वह्या तपासताना हा माणूस उत्तरं भरभर बघायचा आणि खोडलेल्या ओळींवर थांबायचा. मी विचारलं होतं, की तू भूगोल तपासतोयस की पोलिसात दिलेला जबाब? तर म्हणाला, “बरोबर लिवलेला पुस्तकात पण असता गो. पोराचा सोताचा खोडलेल्यात गावता.” माझ्या वर्गात नेमकं उलट. खाडाखोड दिसली की पानभर लाल फुली आणि खाली शेरा, ‘स्वच्छ लिहा’. माझ्या वह्या तपासणीच्या दिवशी टेबलावर सगळ्यात वर ठेवल्या जात, आणि त्याच्या कपाटात.

मग शाळेत तंत्रज्ञान आलं. आलं म्हणजे नवरीसारखं आलं, वाजतगाजत. पटसंख्या दरवर्षी गळतेय, समोरच्या इंग्रजी शाळेत रांगा लागतायत, तर आपल्याकडेही काहीतरी चकचकीत हवं, म्हणून संस्थेने बोटाने चालणारा मोठा फळा आणला. दसऱ्याला पाटीपूजन असतं. फळा तो फळाच, म्हणून त्याचीही पूजा करायची ठरली. आधी झेंडूचा हार घातला. हार काचेला टेकला मात्र, फळ्याला वाटलं पन्नास बोटं एकदम लागली, आणि सगळ्या शाळेसमोर त्यावर एकामागून एक खिडक्या उघडत गेल्या. एकीत हवामान, एकीत कुठल्याशा मसाल्याची जाहिरात. ते आवरेपर्यंत मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा सावरून, डोळे मिटून, हातात आला तो मार्कर उचलला आणि काचेवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. मार्कर न पुसला जाणारा होता. स्पिरिट झालं, रॉकेल झालं, कुणाच्या तरी पर्समधलं नेलपॉलिश काढायचं औषध झालं... सरस्वती हलली नाही. आजही आमच्या शाळेत कुठलाही नकाशा लावला की अरबी समुद्रात सरस्वती असते. गावडे शांतपणे शिकवायचा, “पाऊस कुठून येतो? सरस्वतीच्या डावीकडून.”

त्यानंतर आम्हाला शिकवायला अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीच्या एक बाई आल्या. दोन दिवस त्या आम्हाला सांगत होत्या की तुम्ही आता शिक्षक नाही, तुम्ही मुलांच्या प्रवासातले सहप्रवासी. ज्यांनी आयुष्यात एकदाही पंचावन्न मुलांचा वर्ग शेवटच्या तासाला सांभाळला नाही, त्यांनाच असे सहप्रवासी सुचतात. एकच फाइल सगळ्यांनी एकाच वेळी उघडायची, सगळ्यांनी त्यात लिहायचं, एकमेकांचं दुरुस्त करायचं, हे त्यांचं मोठं गुपित होतं. मी वहीत फुलं काढत बसले होते. गावडेने हात वर केला आणि विचारलं, “यात खोडलेलं दिसतं का?” बाई म्हणाल्या, हो, हिस्टरीत सगळं जपलेलं राहतं, कुणी काय लिहिलं, कुणी काय काढलं, कधी काढलं... पण ते कुणी उघडून बघत नाही. गावडे खुर्चीत सरसावून बसला. त्या दोन दिवसांतलं तेवढंच त्याने ऐकलं असणार.

त्याने आठवीच्या मुलांसाठी एक फाइल केली, ‘घरापासून शाळेपर्यंत’. प्रत्येक मुलाला एक ओळ, घरातून निघाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत वाटेत काय काय लागतं ते त्यात लिहायचं. लॅबमध्ये चालणारे संगणक चौदा, तिथे दोघं दोघं बसायची, बाकीची घरून कुणाच्या तरी फोनवरून लिहायची. आमची बहुतेक मुलं शाळेमागच्या डोंगरावरच्या वस्तीतली. आठ दिवसांत त्या ओळी भांडायला लागल्या. एक लिहायचा, नाला ओलांडून येतो. दुसरा खाली लिहायचा, अरे तो बुजवला, आता तिथे जिम आहे. तिसरी दोघांना सांगायची, बुजवला नाही, वरून लाद्या टाकल्यात, खालून अजून वाहतो. त्या भांडणांतून गावडेने त्या डोंगराचा नकाशा काढला. उतार, गल्ल्या, पायऱ्या, नळ, सगळं. असा नकाशा कुठल्याही पुस्तकात नव्हता, हे आज मी म्हणते. तेव्हा मी म्हणाले होते की भूगोलाच्या नावाखाली तू पत्ते गोळा करतोयस, टपाल खात्यात जा.

आता माझ्याबद्दल लिहायला हवं, कारण हा लेख नुसत्या मुख्याध्यापिकाबाईंना नावं ठेवायला मी घेतलेला नाही. मला नावं ठेवायला आवडतं. माझी जीभ तिखट आहे आणि तिचं स्टाफरूममध्ये कौतुक होतं. गावडेच्या त्या फाइलीतल्या ओळी मी माझ्या तासाला वर्गात वाचून दाखवायची. हेतू चांगला होता, चुका कळाव्यात. ‘नाक्यावर एक अंकल बसतो तो मला रोज हात दाखवतो.’ हे मी उभं राहून, अंकलसारखा हात करून वाचलं. वर्ग हसला, मीही हसले. वाक्य कुठल्या मुलीचं होतं ते मला आठवत नाही. तिने मान वर केली की नाही, तेही आठवत नाही... खरं सांगायचं तर मी पाहिलंच नव्हतं.

मग संस्थेचे पदाधिकारी आणि खात्यातले एक साहेब ‘डिजिटल वर्ग’ बघायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं की त्या फाइलीतलं मराठी बघवत नाही, तेवढं सुधारून ठेवा. गावडे त्या दिवशी दवाखान्यात गेला होता. मी दुपारभर लॅबमध्ये बसून चाळीस मुलांच्या चाळीस ओळी नव्याने लिहिल्या. ‘अंकल’चे ‘काका’ केले. ‘मच्छर’चे ‘डास’ केले. ज्या नाल्यात प्लास्टिकच्या पिशव्यांशिवाय काही वाहत नाही तो माझ्या हातून ‘खळाळता ओढा’ झाला. मला ते लिहिताना आनंद झाला होता, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. मुलं आपापल्या जागी. गावडेने फळ्यावर फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत एकदा वाचली, माझ्याकडे पाहिलंही नाही. मग बोटाने कुठेतरी एक कळ दाबली आणि माझं सगळं मराठी गेलं. अंकल परत आला, मच्छर परत आले, ओढ्याचा नाला झाला. मुलांमध्ये खसखस पिकली, पण ती वेगळी होती. आपलं घर फोटोत दिसल्यावर होते तशी. पाहुण्यांना काय कळलं? काही नाही. साहेबांनी विचारलं की यात रंगीत आलेख का नाहीत. संस्थेच्या अध्यक्षांनी फोटोसाठी अक्षरं मोठी करायला सांगितली, आणि त्या फोटोसकट ‘मच्छर’ संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आले. मुख्याध्यापिकाबाईंनी महिनाभर गावडेशी फक्त लेखी व्यवहार केला.

मी मात्र त्याला जिन्याखाली गाठलं. इतक्या वर्षांची अब्रू चार पोरांसमोर घालवलीस म्हणाले, अजून बरंच काही म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुझा पण सगळा तिथेच आसा, नीला. पुसूक नाय मी. एक दिवस ती हिस्टरी नीट उघडून बघ. तुझ्यासाठी पण आसा त्यात...” आणि थांबला.

“काय आहे माझ्यासाठी?”

“रवांदे,” तो म्हणाला.

राहू दे. मला पोरांचा कचरा उपसायला वेळ नाही, असं मी त्याला ऐकवलं आणि गेले. ते वर्ष आम्ही कामापुरतं बोललो. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी त्याने माझ्यापुढे न बोलता चहा ठेवला, आणि मी न बोलता घेतला. फाइलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मालवणीत तो माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

एक गोष्ट मधे राहिली. त्या सुमाराला मी गावडेला बऱ्याचदा सकाळी शाळेमागच्या डोंगरावरून उतरताना पाहायची. नाहूरहून येणारा माणूस स्टेशनवरून सरळ फाटकात यायचा, तो डोंगरावरून कसा? मी सगळ्यांदेखत विचारलं, “काय रे, वरती देऊळबिऊळ निघालं का?” तो म्हणाला, डॉक्टरने चालायला सांगितलंय. स्टाफरूममध्ये मी त्यावर दोन दिवस विनोद केले.

तो गेल्यावर आठवड्याभरात शाळेने ‘ऑनलाइन श्रद्धांजली फलक’ काढला. पडद्यावर त्याचा ओळखपत्रातला फोटो आणि भोवती पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिठ्ठ्या, ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवरून चिकटवायच्या. ‘मिस यू सर.’ ‘ग्रेट पर्सन.’ एका पालकाने ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ लिहिलं होतं आणि त्याला अकरा अंगठे मिळाले होते. तीन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्यांनी अजून चिठ्ठी चिकटवली नाही त्यांची यादी ग्रुपवर टाकली. यादीत मी आणि शिपाई म्हात्रेमामा, दोघंच. म्हात्रेमामांकडे साधा फोन आहे. माझ्याकडे सबब नव्हती. बाईंनी बोलावून विचारलं, तर मी म्हणाले, चार शब्दांत बसेल एवढाच माणूस असता तर लगेच चिकटवली असती. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं आणि चिठ्ठीत तीनशे अक्षरं मावतात असं मला सांगितलं.

नववी ब माझ्या गळ्यात पडली होतीच. गावडेने आठवीत शिकवलेली तीच मुलं. मराठीचा पहिला तासही माझाच. हजेरी आता तासागणिक मोबाइलवर भरायची असते, त्यामुळे माझ्या लक्षात आलं की प्रणाली नावाची एक मुलगी रोज पहिल्या तासाला लाल आणि दुसऱ्यापासून हिरवी. दोन आठवडे झाले. बारीक, तेल चोपडलेली वेणी, विचारलं तर खाली बघणारी. मागचं पाहिलं तर वर्षभर ती वेळेवर होती. बिघडली, मी ठरवून टाकलं. सर गेले, धाक गेला.

त्याच आठवड्यात गावडेच्या फाइली ‘साफ करून’ पुढच्या शिक्षकाला द्यायचं काम मला मिळालं. शनिवारी शाळा सुटल्यावर लॅबमध्ये बसले. ‘घरापासून शाळेपर्यंत’ उघडली, आणि पहिल्यांदाच ती हिस्टरी. मनात आलं, बघू तरी माझी दुपारभरची मेहनत कुठे पुरून ठेवलीय. ती होती, खळाळत्या ओढ्यासकट. त्याच्या मागे जात राहिले. वाक्यं परत उगवायला लागली, मुलांनी लिहून पुसलेली. ‘बाबा नाक्यावर दिसले तर मी गल्ली बदलतो.’ पुसलेलं. ‘इथे आमचं घर होतं.’ पुसलेलं. प्रत्येकासमोर नाव. मग प्रणालीची ओळ आली.

‘आमच्या घराजवळ पाण्याची टाकी लागते. पहिला तास मराठीचा असतो म्हणून मी टाकीपाशी थांबते, तास संपला की खाली येते. बाई माझं वाचून दाखवतात आणि सगळे हसतात.’

दुसरं आणि तिसरं वाक्य तिने थोड्याच वेळात काढून टाकलं होतं. उरलं होतं ते ‘पाण्याची टाकी लागते’. माझ्या लाल पेनाला शोभेल असं, स्वच्छ. त्यातल्या ‘टाकी’ या शब्दावर गावडेने एक शेरा लिहिलेला होता. काम झालं अशी खूण केली की शेरा पानावरून जातो, पण जुन्या शेऱ्यांच्या यादीत राहतो. ‘प्रणाली, उद्यापासून सकाळी मी टाकीपाशी येतो. आईला सांगून ठेव. बरोबर खाली उतरू, आणि बाईंच्या तासाला मी तुला दारापर्यंत सोडतो.’ खाली तिचं उत्तर, एकच अक्षर, ‘हो’. मग खूण, काम झालं.

म्हात्रेमामा किल्ल्या वाजवत दारात उभे राहिले तेव्हा उठले. लाज वाटली, आणि लाजेच्या आधी राग आला. त्याचा. मेल्याला मला सांगायला काय झालं होतं? मग आठवलं की सांगत होता. जिन्याखाली. मी वेळ नाही म्हणाले होते.

सोमवारी सकाळी मी डोंगर चढले. गल्ली चुकले, दोनदा विचारावं लागलं. अर्ध्या वाटेवर पिठाची गिरणी आहे, तिथून पुढे उभ्या पायऱ्या. वर टाकीपाशी बायका हंडे लावून उभ्या होत्या, आणि कठड्यावर दप्तर मांडीत घेऊन प्रणाली बसलेली. मला बघून ती उभी राहिली ती पळायच्या तयारीने. हंडा लावणारी एक बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “तुम्ही सरांच्या जागी काय?” मला हो म्हणवेना.

“चल,” मी प्रणालीला म्हणाले.

“तास सुरू झाला असेल, बाई.”

“मी इथे आहे. तास कसा सुरू होईल?”

ती मग निघाली, माझ्यापासून चार पायऱ्या मागे. माफी मागायची वाक्यं मी रविवारभर तयार केली होती, उत्तम मराठीत. एकही तोंडातून निघालं नाही. गिरणीपाशी आल्यावर ती आपोआप थांबली. गिरणीवाल्याने आतून पाण्याचा तांब्या पुढे केला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि परत आत नेला. मला काही कळलं नाही. “चल गं, उशीर होतोय,” मी म्हणाले. खाली फाटकाशी पोचल्यावर मात्र मी थांबले आणि म्हणाले, “तुझं मी वाचून दाखवायला नको होतं. चुकलं माझं.” ती खाली बघत म्हणाली, “माझं एकटीचं नव्हतं, बाई.” आणि वर्गात गेली.

आता पाच आठवडे मी रोज जाते. सामायिक तक्त्यात याची चौकट नाही, त्यामुळे मुख्याध्यापिकाबाईंना पत्ता नाही. त्या सध्या श्रद्धांजली फलकाची छापील प्रत फ्रेम करून गावडेच्या घरी द्यायच्या विचारात आहेत, अंगठ्यांसकट. वर्गात मी व्हाइटनर बंद केलाय. फाइल मी साफ केली नाही आणि करणारही नाही. मुलांना सांगितलं, वही असो की फाइल, खोडायचं असेल तर एकच रेघ. मुलांना वाटलं मी सरांची नक्कल करतेय. करतेच आहे.

गेल्या आठवड्यात निबंध तपासायला घेतले, विषय ‘माझी सकाळ’. प्रणालीने पाऊण पान लिहिलंय, टाकी, हंडे, वेणी. मराठी भयंकर. शेवटून दुसरी ओळ तिने खोडली होती, एका आडव्या रेघेने, खालचं वाचता येईल अशी. ‘वरून सगळ्या पायऱ्या दिसतात. सरांना दम लागायचा, ते गिरणीच्या पायरीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि मग वर यायचे. बाई न बसता येतात.’

मी त्या पानावर लाल पेन टेकवलं नाही. हा लेख छापायला देण्याआधी प्रणालीला विचारलं, तुझी ही ओळ सरांच्या घरी दाखवू का, लेखात घालू का? ती हो म्हणाली. काल वही घेऊन नाहूरला गेले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानेच चढले. सुलभाला वाटलं शाळेचे काही कागद असतील, तिने हात पुसून वही घेतली. खोडलेली ओळ तिने दोनदा वाचली, आणि तो तिथे कुणामुळे चढायचा ते मी सांगितलं. मला वाटलं, आता ही मला काहीतरी बोलेल, आणि बोलायला हवंच होतं. ती खिडकीपाशी, त्याच्या जागेवर बसली आणि तिने विचारलं, “पायरीला सावली असते का, सकाळची?”

असते, मी म्हणाले.